कामगार खात्याची फाईल मागताना: तीन अक्षरं, एक नाव

उत्तर एका ओळीचं होतं. मागितलेली माहिती माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(घ), ८(१)(ज) व ८(१)(ञ) अन्वये देता येत नाही. खाली सही, शिक्का आणि अपील कुणाकडे करायचं त्याचा पत्ता. मी तीस दिवस वाट बघितली होती आणि थिसिसचं अख्खं एक प्रकरण त्या उत्तरावर टांगून ठेवलं होतं. आधी राग आला. मग जरा लाजही वाटली, कारण ती तीन अक्षरं वेगवेगळं काय सांगतात हे मला तरी कुठे माहीत होतं?

माझं काम जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या मजुरीवर आहे. हा भाग माहीत नसेल तर थोडक्यात सांगते. पश्चिमेला सह्याद्रीच्या कडेला आदिवासी गावं, महादेव कोळी आणि ठाकर वस्ती, पावसाळ्यात भात आणि त्यानंतर फारसं काही नाही. पूर्वेला डिंभे, येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे या कुकडी प्रकल्पाच्या धरणांचं पाणी, म्हणून ऊस, कांदा, टोमॅटो. भात निघाला की पश्चिमेकडची माणसं पूर्वेकडे कामाला उतरतात. कुणी शेतात, कुणी वीटभट्टीवर. मजुरी ठरते तोंडी, मिळते रोख आणि कागदावर येत नाही.

येत नाही असं आपण म्हणतो, पण एका ठिकाणी ती येते. किमान वेतनाबद्दल कुणी तक्रार केली आणि सरकारी कामगार अधिकारी तपासणीला गेले, की फाईल तयार होते. त्या दिवशी कामावर किती माणसं होती, हजेरीपट आणि पगारपत्रक होतं का, मालक काय म्हणाला, मजूर काय म्हणाले, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. मुलाखतीत मजूर आठवून सांगतो. फाईलमध्ये त्या दिवशीचं लिहिलेलं असतं. मला या दोन्हींची तुलना करायची होती, म्हणून मी पाच वर्षांच्या सगळ्या तपासणी फायलींच्या प्रती मागितल्या. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, त्याची गरजही नाही. तुमच्यापैकी जो कुणी असा अर्ज करेल त्याला असंच उत्तर येण्याची शक्यता भरपूर आहे.

गंमत बघा. हाच मजूर रोजगार हमीच्या कामावर असतो तेव्हा त्याचा हजेरीपट उघडा असतो. पश्चिम पट्ट्यात पडकईची, म्हणजे भातखाचरं बांधण्याची कामं रोजगार हमीतून झाली. तिथे कोण किती दिवस कामावर होतं आणि त्याला किती पैसे मिळाले हे गावातल्या कुणालाही बघता यावं, ग्रामसभेपुढे वाचलं जावं, असं २००५ च्या रोजगार हमी कायद्यातच लिहिलेलं होतं. माहिती अधिकाराची चळवळच मुळात हजेरीपटावरून उभी राहिली. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेनं डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराणा गावात पहिली जनसुनावणी घेतली, तेव्हा हजेरीपटावरची नावं मोठ्यानं वाचून दाखवली. कामावर न गेलेल्या माणसांची नावं त्यात निघाली. आपल्याकडे महाराष्ट्राचा स्वतःचा माहिती अधिकार कायदा केंद्राच्या आधी, २००२ च्या अध्यादेशानं आला. म्हणजे सरकार मालक असेल तेव्हा हजेरी उघडी. खासगी मालक असेल आणि सरकार तपासनीस असेल, तेव्हा तीच हजेरी बंद. असं का, हा प्रश्न मला त्या एका ओळीच्या उत्तरानंतर पडला.

आता अक्षरं. मराठी प्रतीत पोटकलमं क, ख, ग अशी जातात आणि कार्यालयात बोलताना मात्र सगळे इंग्रजी अक्षरं वापरतात. घ म्हणजे ‘डी’, ज म्हणजे ‘एच’ आणि ञ म्हणजे ‘जे’. मराठी ‘ज’ आणि इंग्रजी ‘जे’ यात गोंधळ झाला तर तुम्ही भलत्याच मुद्द्यावर अपील लिहाल. मी पहिला मसुदा तसाच लिहिला होता!

ज, म्हणजे ‘एच’: ज्या माहितीमुळे तपासात किंवा गुन्हेगाराला पकडण्यात, खटला चालवण्यात अडथळा येईल ती माहिती. कामगार खात्याकडून हे कारण सर्वांत आधी येतं, कारण फाईलवर ‘तपासणी’ हा शब्दच असतो. पण तपास चालू आहे एवढं म्हणणं पुरत नाही. ३ डिसेंबर २००७ ला दिल्ली उच्च न्यायालयानं भगत सिंग विरुद्ध केंद्रीय माहिती आयोग या प्रकरणात हेच सांगितलं. वाद आयकर खात्यातल्या तपासाचा होता. तपासाचं अस्तित्व हे नकाराचं कारण होऊ शकत नाही. ही विशिष्ट माहिती दिली तर या विशिष्ट तपासात अडथळा कसा येईल ते अधिकाऱ्यानं दाखवायला हवं, असा त्याचा अर्थ. शिवाय कलम १९(५) नुसार अपिलात नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी माहिती अधिकाऱ्याची असते, आपली नाही. माझ्या यादीतल्या बऱ्याच फायली तर केव्हाच बंद झालेल्या होत्या. बंद फाईलच्या तपासात अडथळा कसला येणार?

घ, म्हणजे ‘डी’: व्यापारी गुपित. इथे युक्तिवाद असा असतो की मालकानं पगारपत्रक आमच्यावर विश्वासून दाखवलं. याला सगळ्यात चांगलं उत्तर कामगार कायद्यातून नाही, बँकांच्या एका निकालातून येतं. रिझर्व्ह बँक बँकांची तपासणी करते आणि त्या अहवालांच्या प्रती मागितल्यावर तिनंही तेच म्हटलं होतं, की बँकांशी आमचं विश्वासाचं नातं आहे. १६ डिसेंबर २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं जयंतीलाल मिस्त्री प्रकरणात ते मान्य केलं नाही. कायद्यानं जी माहिती द्यावीच लागते ती विश्वासानं दिली असं म्हणता येत नाही, आणि नियामकाचं कर्तव्य जनतेशी असतं, ज्याची तपासणी करायची त्याच्याशी नसतं. मजुराचा हजेरीपट निरीक्षकाला दाखवणं ही मालकाची मेहेरबानी नाही, कायद्यानं घातलेलं बंधन आहे. याला जोडून कलम २(च) बघा. सरकारी यंत्रणेला दुसऱ्या कुठल्याही कायद्याखाली खासगी संस्थेकडून जी माहिती मिळवता येते, तीसुद्धा या कायद्यातली ‘माहिती’ आहे. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं पूर्ण प्रज्ञा पब्लिक स्कूलच्या प्रकरणात हा मुद्दा मोकळा करून सांगितला. अर्थात तो दुसरा कायदा ज्या अटी घालतो त्या पाळूनच.

आता ञ. इथे जरा थांबावं लागेल, कारण इथलं कुलूप आपल्याच महाराष्ट्रात तयार झालं, आणि तेही कामगार खात्याच्याच एका शाखेवरून.

अकोल्याच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयात एक अंमलबजावणी अधिकारी होते. अंमलबजावणी अधिकारी म्हणजे पीएफचे निरीक्षक: मालकानं कामगारांचा पीएफ भरला का हे बघणारे. गिरीश रामचंद्र देशपांडे यांनी २७ ऑगस्ट २००८ ला अर्ज करून या अधिकाऱ्याबद्दल बरंच काही मागितलं. त्यांना मिळालेले मेमो, कारणे दाखवा नोटिसा, शिक्षेचे आदेश, मालमत्तेचा तपशील, अगदी मुलाच्या लग्नात आलेल्या भेटवस्तूंपर्यंत. बहुतेक माहिती नाकारली गेली. केंद्रीय माहिती आयोग, मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ आणि शेवटी ३ ऑक्टोबर २०१२ ला सर्वोच्च न्यायालय, सगळीकडे नकार कायम राहिला. कर्मचाऱ्याची सेवेतली कामगिरी हा मुख्यतः तो आणि त्याचा मालक यांच्यातला विषय आहे, ती वैयक्तिक माहिती आहे, आणि मोठं सार्वजनिक हित दाखवल्याशिवाय ती देता येणार नाही, असं न्यायालयानं म्हटलं.

निकालावर टीका बरीच झाली. माजी केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी सातत्यानं एक मुद्दा मांडला: ञ ला एक परंतुक होतं, की जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कुठल्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. त्या कसोटीवर ही माहिती घासून बघितलीच गेली नाही. मला ही टीका पटते. पण माझ्या कामासाठी त्याहून साधी गोष्ट महत्त्वाची आहे. देशपांडे निकाल निरीक्षकाच्या सेवापुस्तकाबद्दल आहे. निरीक्षकानं केलेल्या तपासणीबद्दल नाही. तो अधिकारी घरी काय घेऊन गेला, त्याला किती मेमो मिळाले, हा एक प्रश्न. तो एखाद्या भट्टीवर गेला तेव्हा त्यानं काय लिहिलं, हा वेगळा प्रश्न. ते त्याचं सरकारी काम आहे, खासगी नाही. मला आलेल्या पत्रात निकालाचं नाव नव्हतं, पण अपिलाच्या सुनावणीत पहिलं वाक्य तेच आलं: ‘मॅडम, देशपांडे जजमेंट आहे ना.’ मी निकालाची छापील प्रत नेली होती. कुठली माहिती मागितली होती ते पान काढून पुढे ठेवलं. साहेबांनी शांतपणे वाचलं, हे सांगायला हवं.

त्यानंतर ञ स्वतःच बदललं आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) नं ते कापून छोटं केलं, आणि ही दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. आधी अधिकाऱ्याला दाखवावं लागायचं की माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा ती दिल्यानं कुणाच्या खासगीपणावर विनाकारण आक्रमण होतं. आता माहिती वैयक्तिक आहे एवढंच पुरतं. ते परंतुकही गेलं. उरलं आहे कलम ८(२): माहिती उघड करण्यातलं सार्वजनिक हित नुकसानापेक्षा मोठं असेल तर सूट असूनही माहिती देता येते. म्हणजे आता सार्वजनिक हित मांडण्याचं ओझं प्रत्यक्षात अर्जदारावर येणार. त्याच महिन्यात, २१ नोव्हेंबर २०२५ पासून, चार कामगार संहिताही लागू झाल्या आणि निरीक्षकाच्या पदनामात ‘सुविधा देणारा’ अशी भर पडली. पुढच्या फायली कशा दिसतील ते बघायचं. तुम्ही जुन्या वर्षांवर काम करत असाल तर त्या फायली जुन्या कायद्यांखालीच तयार झालेल्या आहेत, हे अर्जात लक्षात ठेवा.

तर, पहिल्या अपिलात मला काही फायली मिळाल्या. पान दोन रुपये. मी खुशीत गठ्ठा घेऊन रूमवर आले आणि वाचायला बसले.

चौथ्या की पाचव्या फाईलमध्ये पहिलंच पान तक्रार अर्जाचं होतं. हातानं लिहिलेलं, खाली नाव, गाव, मोबाईल नंबर. काहीही झाकलेलं नव्हतं. गाव पश्चिमेकडचं, मला माहीत असलेलं. पुढच्या पानांवर मालकाचं नाव, मग निरीक्षकाचा शेरा, मग मालकाचं उत्तर आणि फाईल बंद. मी ते पान उलटं करून ठेवलं आणि बराच वेळ पुढचं काही वाचलं नाही.

कारण हिशेब सोपा होता. मी त्या गावची नाही, त्या मजुराची कुणी नाही. माहिती अधिकारात अर्ज का केला हे कुणी विचारत नाही, कलम ६(२) नुसार विचारायचंच नसतं, आणि ते योग्यच आहे. पण मग जे पान मला दोन रुपयांत मिळालं, ते त्या मालकालाही दोन रुपयांतच मिळालं असतं. पुढच्या हंगामात त्या माणसाला त्या गावात कुणी कामावर घेतलं असतं का? मी वर्षभर ‘फाईल उघडा’ म्हणत होते. एक पान उघडायलाच नको होतं, आणि ते मी मागितलं होतं म्हणून उघडलं गेलं.

हा धोका कामगार कायद्यानं फार आधी ओळखला आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा ८१ क्रमांकाचा करार कामगार तपासणीबद्दलच आहे आणि भारतानं तो १९४९ मध्येच मान्य केला. त्याच्या १५ व्या कलमात म्हटलं आहे की तक्रार कुणी केली हे निरीक्षकानं पूर्णपणे गुप्त ठेवायचं, आणि आपण तक्रारीवरून आलो आहोत हेसुद्धा मालकाला सांगायचं नाही. आपल्या कारखाने अधिनियमात हेच कलम ११८-क म्हणून १९८७ मध्ये आलं. आणि त्याच करारात पुढे, २० आणि २१ व्या कलमांत, तपासणीचे वार्षिक अहवाल प्रसिद्ध करायला सांगितलं आहे: किती तपासण्या, किती उल्लंघनं, किती दंड. एकाच करारात तक्रारदार झाकलेला आणि तपासणी उघडी.

अमेरिकेतला एक खटला यावर फार बोलका आहे. तिथे माहिती मागणारा संशोधक नव्हता, पत्रकारही नव्हता. रॉबिन्स टायर ही कंपनी होती. कामगार मंडळानं तिच्याविरुद्ध अनुचित प्रथेची कारवाई सुरू केली होती, आणि कंपनीनं माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली साक्षीदारांचे जबाब सुनावणीआधीच मागितले. साक्षीदार कोण? बहुतेक तिचेच कामगार. १९७८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं नकार दिला: आधीच जबाब हातात आले तर मालक साक्षीदारांवर दबाव आणू शकतो, आणि अशा चालू प्रकरणातल्या जबाबांसाठी प्रत्येक वेळी वेगळा धोका सिद्ध करण्याची गरज नाही. भगत सिंग निकालाच्या हे उलट जातं. मी दोन्ही मान्य करते, आणि यात मला विसंगती वाटत नाही. आयकराच्या फाईलमधली माणसं आणि रोजावर जगणाऱ्या साक्षीदाराची जागा एक नाही.

आपल्या कायद्यात या माणसासाठी जागा आहे, फक्त माझ्या नकारपत्रात तिचा उल्लेखच नव्हता. कलम ८(१)(छ), म्हणजे ‘जी’: कायद्याच्या अंमलबजावणीसाठी विश्वासानं माहिती देणाऱ्याची ओळख उघड होत असेल किंवा कुणाच्या जिवाला धोका होत असेल, तर माहिती द्यायची नाही. आणि कलम १०: जेवढं झाकायचं तेवढं झाका, उरलेलं द्या. थोडक्यात, लागू नसलेली तीन अक्षरं लावून सगळी फाईल बंद केली गेली, आणि उघडली तेव्हा जे एक अक्षर लागू होतं तेच विसरलं गेलं. फाईलला एक वस्तू समजलं की हेच होतं. तिच्यात तक्रार असते, शेरा असतो, हजेरीपटाची प्रत, जबाब, नोटीस, मालकाचं उत्तर, अखेरचा आदेश. यातल्या प्रत्येक कागदाचं उत्तर वेगळं आहे.

माझी चूक त्यात होतीच. ‘सगळ्या फायलींच्या प्रती’ असं मीच लिहिलं होतं.

त्या पानाचं काय केलं? फाडलं नाही. नाव आणि नंबर काळ्या पेननं झाकला, मूळ पानं पाकिटात बंद करून ज्या कार्यालयातून आली तिथे पत्रासोबत परत दिली, आणि थिसिसमध्ये त्या गावाऐवजी फक्त ‘पश्चिम पट्टा’ लिहिलं. माझ्या गाईड म्हणाल्या, परत देताना पोच घे. घेतली.

आता अर्ज कसा करते ते सांगते, कारण मेसेज करून बरेच जण हेच विचारतात. महाराष्ट्रात २०१२ पासूनच्या नियमानं अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांत हवा, म्हणून एका अर्जात एकच प्रकारचा कागद मागते. पहिला अर्ज नुसत्या नोंदवहीचा: वर्ष, तालुका, उद्योग, तपासणीची तारीख, निष्कर्ष. त्यातून बंद झालेल्या फायली कळतात. दुसरा अर्ज त्या बंद फायलींमधल्या शेऱ्यांचा आणि अंतिम आदेशांचा. पीएफचं काम असेल तर कलम ७-अ खालचे आदेश मागा. मालकाकडे किती थकबाकी निघते हे ठरवणारे ते अर्धन्यायिक आदेश आहेत आणि त्यांना ‘वैयक्तिक’ म्हणणं अवघड आहे. तिथे दुसरं अपील केंद्रीय आयोगाकडे जातं, राज्याच्या कामगार खात्याचं राज्य माहिती आयोगाकडे. नकार आला तर तीस दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर नव्वद दिवसांत दुसरं. तारखा वहीत लिहा, मोबाईलवर विसंबू नका.

आणि मालकाचं नाव असलेली माहिती मागितली तर कलम ११ खाली त्याला नोटीस जाऊ शकते, हे विसरू नका. ज्या वस्तीत तुम्ही राहून मुलाखती घेताय, तिथल्याच भट्टीची फाईल त्याच आठवड्यात मागितली तर मालकाला अंदाज बांधायला वेळ लागत नाही की तुमच्याशी कोण बोललं. मी फील्डवर्क संपवून अर्ज करते. मजुराच्या नावानं अर्ज करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, कितीही कळकळीनं दिलेला असला तरी.

अर्जाच्या शेवटी आता माझं एक ठरलेलं वाक्य असतं: ‘तक्रारदार, साक्षीदार व कामगार यांची नावे, पत्ते, दूरध्वनी क्रमांक व सह्या कलम १० नुसार झाकून प्रती द्याव्यात.’ मागच्या वेळी खिडकीवरच्या बाईंनी ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘झाकून द्यायचं म्हणजे आम्हाला डबल झेरॉक्स काढावी लागणार.’ मी म्हटलं, दोन्हीचे पैसे भरते.